गळाला लागलेला मासा रात्रीच्या जेवणापर्यंत टिकवायचा कसा?

रविवारचा_गळ

मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चौघे मित्र पुण्याहून कोकणात, मालवणजवळच्या आचऱ्याला गेलो. खाडीच्या तोंडाजवळ सुरूच्या झाडांखाली दोन तंबू ठोकले. मागच्या वर्षभरात गळाचा नाद लागलाय (नावावरून कळलंच असेल). पहाटे सहाला गरी टाकून बसलो आणि त्या दिवशी नशीब असं की साडेआठपर्यंत नऊ बोई, तीन काळुंदर आणि एक हातभर तांबोशी! आयुष्यात पहिल्यांदा तांबोशी लागली. फोटो काढले, घरच्यांना पाठवले. सासूबाई मालवणच्या, त्यांचा लगेच उलटा निरोप आला, "छान. आता लगेच खा."

आम्ही ठरवलं होतं की रात्री शेकोटी करून खायचे. मग बादलीत खाडीचं पाणी भरलं, त्यात सगळे मासे सोडले, बादली झाडाच्या सावलीत ठेवली, वर ओला टॉवेल टाकला आणि आम्ही निघालो भटकायला. परत यायला संध्याकाळचे सहा वाजले.

टॉवेल उचलला आणि चौघेही दोन पावलं मागे सरकलो. बोईंची पोटं फुटून आतलं सगळं पाण्यात आलेलं, पाणी तपकिरी, वर फेस. तांबोशीचे डोळे आत गेलेले आणि पांढरट. कल्ले उघडून बघितले तर विटेच्या रंगाचे. हाताला तो वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. रात्री मॅगी खाल्ली.

तर प्रश्न असे:
१. सकाळी काढलेला मासा रात्रीपर्यंत, फ्रीज नसताना, टिकतो का? कसा?
२. पोट लगेच काढायचं की अख्खा ठेवायचा?
३. पाण्यात जिवंत ठेवायची काही युक्ती आहे का?
४. बर्फ न्यायचा तर किती?

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. या वेळी सासूबाईंना उत्तर द्यायचंय.

तिखलं

सासूबाई बरोबर होत्या. धागा बंद करायला हरकत नाही. :)

गंमत सोडा. तुमची पहिली चूक बादली. बारा-तेरा मासे एका बादलीत म्हणजे पाण्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो. मासे गुदमरून, तडफडून मेले आणि मग दिवसभर कोमट पाण्यात भिजत पडले. त्यापेक्षा नुसते दगडावर ठेवले असते तर किमान मांजराने तरी खाल्ले असते.

बोई तर आणखीच नाजूक. ती चिखल चाटून खाते, पोट कायम भरलेलं. मेल्यावर पोटातले पाचकरस थांबत नाहीत, ते तिचंच पोट पचवायला घेतात. म्हणून सगळ्यांत आधी बोईची पोटं फुटली, तांबोशीचं नाही. बरोबर ना?

रविवारचा_गळ

हो! तांबोशीचं पोट शाबूत होतं. पण वास तिलाही होता.

खाडीकाठ

मासो मेलो की कुजाक लागता. बर्फ नाय तर गरी घेऊन बसाचाच कित्याक?

प्रयोगवही

खाडीकाठ काकांचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. मी पोटापाण्यासाठी अन्नतंत्रज्ञानात आहे, त्यामुळे जरा आकडे टाकतो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

मासा मटणापेक्षा लवकर का खराब होतो? बकरी गरम रक्ताची. तिच्या अंगातली विकरं (एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या क्रिया घडवणारी द्रव्यं) ३८-३९ अंशाला कामाला लागलेली असतात, त्यामुळे मटण गार केलं की ती मंदावतात. मासा थंड रक्ताचा. त्याच्या अंगातली विकरं आणि अंगावरचे जिवाणू पाण्याच्याच तापमानात काम करायला सरावलेले. शिवाय मांस मऊ, त्यात पाणी जास्त, आणि खवल्यांवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यात आणि आतड्यात जिवाणूंची वस्ती आधीपासून. मासा जिवंत असेपर्यंत त्याचं शरीर त्यांना आत येऊ देत नाही. मेला की पहारा उठला.

आता तापमान. बर्फाच्या शून्य अंशाला मासा ज्या वेगाने खराब होतो, त्याच्या साधारण सव्वादोन पट वेगाने पाच अंशाला होतो आणि चौपट वेगाने दहा अंशाला. म्हणजे घरच्या फ्रीजचा पाच अंशाचा कप्पासुद्धा माशाला पुरेसा थंड नाही. तुमची बादली दुपारी तिशीच्या आसपास असणार. तिथे हिशोब करण्यात अर्थच नाही.

बर्फ किती? एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला पंचवीसेक किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे किलोभर माशाला नुसतं गार करायलाच पाव ते अर्ध्या किलोच्या मधला बर्फ संपतो. त्यानंतर खोक्याच्या भिंतीतून दिवसभर आत येणारी उष्णता वेगळी. म्हणून आपल्या हवेत एका दिवसासाठी माशाच्या वजनाइतका बर्फ हा कमीत कमी हिशोब. दोन दिवस असतील तर दुप्पट धरा आणि वाटेत पुन्हा भरायची सोय ठेवा.

आणि हो, बर्फ मासे पकडल्यावर आणायला जाऊ नका. गरी पाण्यात पडायच्या आधी खोका भरून शेजारी हवा.

भटक्या_घाटावरचा

आमच्याकडे मराठवाड्यात इतकं शास्त्र नाही. तळ्यावर गेलो की मरळ ओल्या गोणपाटात गुंडाळायची, गोणपाट झाडाखाली ठेवायचं, तासातासाला पाणी शिंपडायचं. संध्याकाळी उघडलं की मरळ अजून शेपटी मारते. बर्फ कशाला?

तिखलं

घाटावरचे भाऊ, मरळीचं उदाहरण देऊन लोकांना फसवू नका. मरळ हवेतून श्वास घेते. अंग ओलं राहिलं तर ती कितीतरी तास पाण्याबाहेर जगते. बोईला गोणपाटात गुंडाळून बघा आणि मग लिहा.

भटक्या_घाटावरचा

बरं बाई, मरळ बाजूला. पण चिलापीसुद्धा ओल्या गोणपाटात दुपारपर्यंत ठीक राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वतः ठेवलेली आहे.

प्रयोगवही

तुमचंही बरोबर, फक्त हवा वेगळी. ओलं गोणपाट गार होतं ते पाणी वाफ होऊन उडतं म्हणून, माठासारखं. फेब्रुवारीत मराठवाड्यात हवा कोरडी, पाणी भराभर उडतं, गोणपाटाच्या आत हवेपेक्षा बरंच गार राहतं. कोकणात हवेतच इतकं पाणी की घामसुद्धा वाळत नाही. तिथे ओला टॉवेल म्हणजे ओला टॉवेल. गळवाल्यांनी तो टाकला आणि काही झालं नाही यात नवल नाही.

तरीही कोरड्या हवेत ही सोय दोन-तीन तासांची. त्याने मासा नासणं थोडं लांबतं, थांबत नाही.

सुकती_भरती

प्रश्न क्रमांक तीनवर माझा अनुभव. हसू नये.

मीही जिवंत ठेवायचे ठरवले होते. नायलॉनची जाळीची पिशवी, त्यात पाच तांबोशा, पिशवी तिवराच्या मुळाला बांधून खाडीत सोडलेली. पाणी छातीएवढं, वाहतं, मासे मजेत. मी तंबूत जाऊन झोपलो. तीन तासांनी उठलो तर पाणी कुठे? सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली. पिशवी मुळाला लटकतेय, खाली चिखल, वर ऊन, आणि चिखलातून चढलेले खेकडे पिशवीला लोंबकळून जेवतायत.

त्यानंतर मी जाळीची पिशवी वापरतो ती फक्त मी शेजारी बसलेलो असताना. म्हणजे सहा ते आठ मासे काढायचेत, ते पिशवीत वाहत्या पाण्यात, आणि उठताना सगळे एकदम मारून बर्फात. कल्ल्यातून दोरी ओवून पाण्यात सोडणारे लोक दिसतात, ते करू नका. कल्ला फाटला की मासा हळूहळू मरतो आणि कधी मेला ते तुम्हाला कळत नाही. तळ्यात तर वरचं पाणी दुपारी चांगलंच तापलेलं असतं.

अवांतर: खेकडे मिळाले तर ते मात्र बादलीभर पाण्यात बुडवू नका, गुदमरतात. नांग्या बांधून ओल्या गोणपाटात सावलीत ठेवा. मेलेला खेकडा खाऊ नका. तिसऱ्याही (शिंपल्या) तशाच, ओल्या फडक्यात.

शाकाहारी_वाचक

मी मासे खात नाही, पण खेकडे पिशवीला लोंबकळून जेवतायत हे वाचून चहा सांडला.

दक्षिण_वारा

नमस्कार. मूळचा रत्नागिरीचा, आता बारा वर्षं ऑकलंडला. इथे शनिवार-रविवारी अर्धं गाव होड्या घेऊन समुद्रात असतं आणि मासा कसा ठेवायचा यावर लोक क्रिकेटसारखं भांडतात. इथलं शिकलेलं सांगतो.

मासा पाण्याबाहेर आला की पहिल्या दोन मिनिटांत काय करता त्यावर रात्रीची चव ठरते. तडफडू दिला तर त्याच्या स्नायूंतली सगळी शक्ती त्यातच जळते, आम्ल साठतं, अंग तापतं आणि तो लवकर आणि जास्त ताठरतो. मांस भुसभुशीत होतं. म्हणून इथे मूळ जपानी पद्धत वापरतात, तिकडे तिला इके-जिमे म्हणतात, इथले लोक नुसतं 'इकी' म्हणतात. जाड सुईसारखं टोकदार हत्यार डोळ्याच्या जरा मागे आणि वर, मेंदूत एकदाच. नीट बसलं तर मासा एकदा थरथरतो, तोंड उघडतो, कल्ले फाकतात आणि लगेच सैल पडतो. हत्यार नसेल तर लाकडाच्या दांडक्याने डोळ्यांच्या मागे डोक्यावर एक जोरदार दणका. दोन-तीन हलके मारत बसू नका, ते वाईट.

लगेच दोन्ही बाजूंचे कल्ले मुळाशी कापा आणि डोकं खाली करून समुद्राच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरा. रक्त निघून जातं. रक्त राहिलं तर मांस काळपट होतं आणि वास तिथूनच सुरू होतो.

मग खारा गारा. हा शब्द माझाच, हसा. दोन भाग फोडलेला बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी. नुसत्या बर्फाच्या खड्यांत मासा ठेवला तर खडा जिथे टेकतो तिथेच गार होतो, मधे हवा. गाऱ्यात सगळ्या अंगाला थंड पाणी लागतं. शिवाय समुद्राचं पाणी साधारण उणे दोन अंशाला गोठतं, त्यामुळे गारा शून्याच्याही खाली उतरतो. हाताएवढा मासा अर्ध्या-पाऊण तासात आतपर्यंत गार. मग बाहेर काढून पिशवीत घालून बर्फावर ठेवायचा. दिवसभर गाऱ्यात बुडवून ठेवला तर पाणी पितो आणि खारट होतो.

रविवारचा_गळ

दक्षिण_वारा, हे जबरदस्त आहे! खाडीचं पाणी चालेल का गाऱ्याला?

दक्षिण_वारा

स्वच्छ असेल तर चालेल, पण खाडीचं पाणी कमी खारं आणि गढूळ. त्यापेक्षा समुद्राच्या बाजूने बादली भरून आणा. किंवा साधं पाणी घेऊन लिटरमागे मूठभर जाडं मीठ. जास्त नको. कुल्फीवाला करतो तसं बर्फात मीठ ओतत गेलात तर तापमान इतकं खाली जातं की माशाची कातडी गोठून बसेल.

मत्स्यगंधा

पोट काढण्याबद्दल माझं मत. आमच्या घरात तीन पिढ्या मासळी विकली गेली, मी कॉलेजात शिकवते, पण विळीवर हात अजून बसतो.

बर्फ भरपूर असेल आणि आजच खायचाय, तर मासा अख्खा ठेवा. कातडी आणि खवले हेच त्याचं वेष्टण. पोट चिरलं की आतलं मांस उघडं पडतं आणि हाताची, सुरीची, पाटाची घाण आत जाते. खवले तर स्वयंपाकाच्या वेळीच काढा, आधी कधीच नाही.

बर्फ कमी असेल, किंवा मासा बोईसारखा चिखल खाणारा असेल, किंवा उद्यासाठी ठेवायचाय, तर पोट आणि कल्ले लगेच काढा. अर्धवट काढू नका. पोट साफ केल्यावर मणक्याला चिकटून एक काळपट लाल रेघ दिसते. तिला लोक आतड्याचा भाग समजून सोडून देतात. ती नखाने किंवा चमच्याच्या टोकाने खरवडून काढायची. वास पहिल्यांदा तिथून येतो. बोईच्या पोटाच्या आतला काळा पडदाही चोळून काढा, तो कडू लागतो. मग पोटात बर्फ भरून मासा पोट खालच्या बाजूला करून ठेवा, म्हणजे पाणी आत साठत नाही.

गाभोळी (माशाची अंडी) असेल तर ती वेगळी, पिशवीत, बर्फाच्या अगदी जवळ. ती माशाच्याही आधी बिघडते आणि माझ्या मते सगळ्यांत आधी तीच खावी, तव्यावर, मीठ-तिखट लावून.

वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात मासा पोहत राहिला तर रंग उडतो, चव धुऊन जाते. खोक्याला खाली भोक असेल तर उघडं ठेवा, नसेल तर तळाला उलटी ताटली किंवा जाळी ठेवा.

भटक्या_घाटावरचा

आणि हळद-मीठ लावून ठेवलं तर? आमची आई तेच करायची.

मत्स्यगंधा

आई तासाभरात तळायची म्हणून चालायचं. मीठ थोडं पाणी ओढतं, आगळ (कोकमाचा रस) लावला तर आंबटपणाने जिवाणू जरा मंदावतात, हळदीने वास झाकला जातो. झाकला जातो, जात नाही. हळद लावलेला शिळा मासा मी बाजारात फार पाहिलाय, त्यामुळे माझा हळदीवर विश्वास कमी.

खरंच मिठात टिकवायचा असेल तर ते खारवणं. मासा पाठीतून चिरून पसरायचा आणि तीन-चार किलोला किलोभर जाडं मीठ. शिरोड्याच्या मिठागरांचं मीठ मिळालं तर उत्तम. रात्रभर मिठात, मग कडक उन्हात. पण तो दोन रात्रींच्या सहलीचा उद्योग नाही.

प्रयोगवही

बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्याबद्दल एक इशारा देऊन ठेवतो, कारण कॅम्पिंगला लोक रापणीवरून (किनाऱ्यावर ओढतात त्या जाळ्यावरून) बांगडे घेऊन जातात. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उष्ण राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन उकळून, तळून, कशानेही जात नाही. आणि ते वाढलेलं असताना मासा दिसायला, वासाला ठीक असू शकतो.

तिखलं

हे आमच्या बाबतीत झालंय! चार वर्षांपूर्वी किनाऱ्यावर सकाळी बांगडे घेतले, पिशवीतून गाडीच्या डिकीत, तीन वाजता तळले. वास अजिबात नव्हता. खाताना जिभेला जरा मिरमिरलं, वाटलं मसाला तिखट आहे. अर्ध्या तासात माझा आणि भावाचा चेहरा लालभडक, अंगाला खाज, छातीत धडधड. दवाखान्यात नेलं तेव्हा मी सांगत होते की आम्हाला बांगड्याची ॲलर्जी नाही, लहानपणापासून खातो. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी नाहीच, माशातच हिस्टामिन होतं. त्या दिवसानंतर डिकीत मासा, कधीच नाही. ती डिकी म्हणजे भट्टी असते.

सुकती_भरती

+१. आणि शेंगटी (विषारी काट्याचा मासा) गरीला लागली तर हाताने काढायच्या आधी काटा बघा. मला बोटात गेला होता. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर ठणका उतरला. नंतर दवाखान्यात जाऊन जखम दाखवली.

रविवारचा_गळ

मंडळी, वही भरत आली. आता व्यवहार. दोन रात्री, तीन दिवस. बर्फ पुण्याहून नेऊ की तिथे घेऊ?

प्रयोगवही

दोन्ही. पुण्याहून बाटल्या न्या. एक-दीड लिटरच्या बाटल्या गळ्यापर्यंत न भरता (पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं) दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये. त्या हळू वितळतात, खोका आतून कोरडा राहतो आणि वितळल्यावर प्यायला थंड पाणी. खोकासुद्धा आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून गार करून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवसाचा बर्फ खोक्याच्या भिंती गार करण्यातच जातो.

मासे गार करायला फोडलेला बर्फ लागतो, तो तिथे घ्या. लादी जास्त टिकते, भुगा लवकर गार करतो. खाली लादी, वर भुगा.

आणि खोके दोन. एकात पाणी, दूध, दही, लिंबू आणि दुसऱ्यात फक्त मासे. पाण्याचा खोका दर दहा मिनिटांनी उघडला जातो, माशांचा दिवसातून चारदाच उघडावा.

मत्स्यगंधा

बर्फ मालवण किंवा देवगडच्या बंदराजवळ मिळेल. पण बंदरावरचा बर्फ सरबतात टाकू नका. २०१८ पासून महाराष्ट्रात न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. निळा दिसला नाही म्हणजे खायचा असं मात्र समजू नका. माशांना तो चालतो, ग्लासात नको.

भटक्या_घाटावरचा

धरणांवर गळ टाकणाऱ्यांनो, तिथला मासा बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीच्या नाहीतर ठेकेदाराच्या मालकीचा असतो. विचारून बसा. आणि पावसाळ्यात पहिल्या पाण्याला चढणीचे मासे काठ्यांनी मारायला जाणाऱ्यांनो, त्यातल्या माद्यांच्या पोटात गाभोळी असते. जून-जुलैत समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी उगाच नसते.

तिखलं

या वेळी भाऊंना माझं पूर्ण अनुमोदन. मरळ माफ.

खाडीकाठ

तुमी बर्फाचा शास्त्र इतक्या लिवलात, पण एकान पन विचारल्यान नाय, त्या दिवशी तीथ काय होती?

रविवारचा_गळ

काका, कॅलेंडर बघितलं. नवमी होती.

खाडीकाठ

मग हिशोब कर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. नवाची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसाताक भरती, आणि सांजेक सात-सव्वासाताक परत. खाडीत आत जाशीत तसा थोडा उशीर. तुका मासे रात्री खाऊचे होते, तर सकाळी कित्याक काढलंस? सकाळी चाय पी, झोप. सांजेक गरी टाक. आधी चूल पेटव, मगे गरी टाक.

अष्टमी-नवमीक भांग, म्हणजे ल्हान भरती. पाण्याक ओढ कमी, गरी जाग्यार ऱ्हवता. पुनवेक, अवशेक उधाण, तुझ्या शिशाचा वजन वाहून जाईत.

रविवारचा_गळ

...

काका, यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. एवढा मोठा धागा आणि उत्तर कॅलेंडरात होतं.

प्रयोगवही

आणि माझे आकडे? :( जोक्स अपार्ट, पाऊणपटीचा नियम आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकला होता, त्याचा उपयोग आज कळला.

रविवारचा_गळ

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय.

या वेळी सप्तमी गाठून गेलो. साताची पाऊणपट सव्वापाच. चार वाजता बसलो, सहा वाजता उठलो. चार काळुंदर, दोन तांबोशी, बोई एकही नाही. दक्षिण_वारा यांच्या पद्धतीने जाड टाचण वापरायचा प्रयत्न केला. पहिल्या माशाला जमलं नाही, दांडकं वापरलं, दुसऱ्याला जमलं. तो थरथरला आणि सैल पडला, अगदी सांगितलं तसं. कल्ले कापले, रक्त काढलं, समुद्राच्या पाण्यात फोडलेला बर्फ घालून गारा केला. पाऊण तासाने हात घातला तर बोटं बधिर. मासे बाहेर काढले तेव्हा डोळे काचेसारखे, कल्ले लालबुंद, आणि वास? ओल्या काकडीसारखा. माझा मित्र, जो मागच्या वेळी मॅगी खाऊन झोपला होता, तो मासा नाकाशी धरून उभाच राहिला.

पण आठ वाजता तव्यावर गडबड झाली. तांबोशीच्या तुकड्या काढल्या, मीठ-तिखट-आगळ लावून तव्यात टाकल्या, आणि त्या वळल्या! कडा वर, मधे पोकळ, कातडी आक्रसलेली. मधला भाग तव्याला टेकेचना. मित्र म्हणाला हा मासा खराब आहे, टाकून दे. मी टाकला नाही, खाल्ला, पोट ठीक आहे. पण जरा चिवट लागला. काळुंदर अख्खे भाजले ते मात्र अप्रतिम. माझं कुठे चुकलं?

मत्स्यगंधा

काही चुकलं नाही. बाजारातला मासा खाऊन वाढलेल्यांना ही अडचण कधी येतच नाही, म्हणून माहीत नसते. दोन तासांपूर्वी मेलेल्या माशाच्या स्नायूंत अजून जीव असल्यासारखी ओढ असते, तव्याची आच लागली की तो आकसतो. पुढच्या वेळी तुकडीच्या कातडीवर बोटभर अंतराने तीन-चार आडवे काप मारा आणि पहिलं मिनिटभर उलथन्याने दाबून धरा.

खाडीकाठ

काप मारूच नको. काळुंदर त्याच रात्री खा. तांबोशी बर्फात ऱ्हवंदे, दुसऱ्या दिवशी दुपारी तिखला कर, तिरफळां घालून. तेवा वळाची नाय.

रविवारचा_गळ

म्हणजे आता मला तांबोशी *मुद्दाम* दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचीय?

तिखलं

हो. आणि ते सासूबाईंना सांगताना आम्हाला फोनवर घ्या.